ढवळूची जीभ

ढवळू माझ्या आजाचा थोरला भाऊ. आमच्या पाड्यावर अजूनही त्याचं नाव निघालं की लोक आधी हसतात. लग्नात दारू पुढ्यात आली की कुणीतरी म्हणणारच, "आज ढवळूबाबा पाहिजे होता," आणि मग सगळे माना डोलावतात. मला हसू येत नाही. ढवळूची मुलगी, आमची सोमीआत्या, तिच्या म्हातारपणी मी पाहिली आहे. तिला पाहिल्यावर ही गोष्ट हसत सांगता येईल असं मला वाटत नाही.

तरी सुरुवात आनंदाचीच करावी लागते, कारण तो माणूस खरोखर मजेत जगणारा होता. जव्हारला तेव्हा राजाचं राज्य होतं. आमचा पाडा मोखाड्याहून खोडाळ्याकडं जाणाऱ्या वाटेला. भात आणि नागली पिकवायची, चैत्रात मोहाची फुलं वेचायची, असं सगळ्यांचं चाललेलं. ढवळूचंही तेच. पण त्याला देवानं एक जीभ दिली होती. दारू तोंडात घेतली की ती कुठल्या गावची, फुलं ह्या साली वेचलेली की मागच्या, मडकं नवं की जुनं, हे तो सांगायचा. लोकांना आधी ते थोतांड वाटलं. मग त्याला फसवायला दोन पाड्यांची दारू एकत्र करून दिली. त्यानं तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "भावकीत भांडण लावलंत की रं!"

तो दारुडा नव्हता, हे आधी सांगून टाकतो. दारुड्याला चव कसली कळणार! ढवळूची पद्धत ठरलेली होती. आधी देवाच्या नावानं दोन थेंब जमिनीवर. मग एक थेंब हाताच्या पाठीवर चोळून हुंगायचा. मग घोट तोंडात घ्यायचा, गालागालातून फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. पसंत पडली तरच पळसाच्या पानाचा एक द्रोण भरून घ्यायचा आणि तो मात्र सावकाश, डोळे मिटून प्यायचा. मोखाड्याकडची तिखट, पहिल्या घोटाला भांडते आणि मागाहून गळ्यात पडते, असं तो म्हणायचा. खोडाळ्याची गोड, पण फुलांत गूळ मिसळतात म्हणून सकाळी डोकं धरायला लावते. घाटाखालून कुणी ताडी आणली तर तीही चाखायचा. सकाळची ताडी म्हणजे माहेरवाशीण आणि दुपारची म्हणजे सासू, हे त्याचंच बोलणं. आणि मक्तेदाराच्या दुकानातल्या दारूबद्दल तो एवढंच म्हणायचा, "ही दारू नाय. दारूचा मडका धुतला, त्याचा पाणी हाय."

संस्थानात दारूचा मक्ता दिलेला असे. घरी गाळायला बंदी. पण लग्नाला, देवाला आणि मयताला मोहाची दारू लागतेच, आणि देवाला दुकानातली चालत नाही अशी पाड्यापाड्यांवर समजूत. त्यामुळे ओहोळाच्या कडेला, झाडीच्या आडोशाला बायका गाळायच्याच. मक्तेदाराची माणसं आली की मडकी फुटायची, आणि ती गेली की नवी चूल मांडली जायची. अशा दिवसांत चांगली दारू मिळणं अवघड झालं होतं, म्हणून ढवळूच्या शब्दाला आणखीनच वजन आलं. त्यानं जिची दारू वाखाणली ती बाई मोखाड्याच्या बाजारात ताठ मानेनं फिरायची. त्यानं जिची थुंकून पुढं काही घेतलं नाही, ती घरी जाऊन रडायची. एरवी ढवळू बाता मारण्यात पटाईत होता. त्याच्या बातांतले वाघ बैलाएवढे असायचे. पण दारूबद्दल तो कधी खोटं बोलला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्याची बायको पोशी. तिच्या हातच्या दारूला तोड नव्हती, असं त्या काळची माणसं सांगायची. ती फुलं एकाच झाडाची घ्यायची, दुसऱ्या झाडाची त्यात मिसळू द्यायची नाही. विस्तव मंद ठेवायची. वेळूच्या नळीतून थेंब थेंब यायला लागला की ती कुणाशी बोलत नसे. ढवळूची जीभ तिच्यामुळेच तयार झाली. सोमी लहान असतानाच पोशी तापानं गेली. सोमीला तिच्या हातचं काहीच शिकायला मिळालं नाही. ढवळूनं दुसरं लग्न केलं नाही. त्यानंतर तो जिथं जाईल तिथं दारू चाखायचा आणि मनातल्या मनात पोशीच्या दारूशी ताडून बघायचा. वरवर मस्करी करायचा, हसवायचा, पण घरी आला की सोमीला म्हणायचा, "चांगली होती. पण तुझ्या आयसची सर नाय."

सोमी मोठी झाली. शेजारच्या पाड्यावरच्या मधुवर तिचं मन बसलं. आवणीच्या दिवसांत दोघं एकाच शेतात भात लावत होती, तिथंच काय ते जमलं. मधु कष्टाळू होता, गरीब होता. घरात बाईमाणूस नव्हतं, बाप आणि दोघं भाऊ एवढेच. म्हणजे सोयरिकीला ते दारू आणणार ती दुकानातलीच. ढवळूला ते ठाऊक होतं. "तुझ्यासाठी ते धुणाचा पाणीबी पेईन गं," असं तो सोमीला म्हणाला होता. त्याला मुलगा पसंत होता. होळीनंतर मधुकडची माणसं यायची, एवढंच राहिलं होतं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. मुलाकडचे सोयरिकीला येतात ते दारूचं मडकं घेऊनच. कुणीही येवो, त्यांना अंगणात बसवायचं, मान द्यायचा. पहिला द्रोण मुलीच्या बापाच्या हातात देतात. सोयरीक नको असेल तर त्यानं तो नुसता ओठांना लावायचा आणि जमिनीवर पालथा घालायचा. त्यात कुणाचा अपमान नाही. पाहुणे जेवतात आणि आपल्या वाटेनं जातात. पण घोट गिळला की मुलगी दिली असं होतं. मग पाड्याचा कारभारीसुद्धा ते फिरवू शकत नाही.

होळीच्या आधीच दूरच्या दाभोश्याहून एक घर आलं; तिकडं ढवळूचं कधी जाणं झालं नव्हतं. लाडक्या, त्याची बायको गौराबाई आणि मुलगा बाळ्या. गौराबाई पोशीच्याच माहेरची. तिच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, दुसराही अधू झाला होता. तिला आता गाळायच्या चुलीजवळ फार वेळ बसवत नव्हतं. पोशीची मुलगी म्हणजे हातात गुण असणारच, अशा हिशेबानं ते सोमीला मागायला आले होते. ते त्यांनी लपवलंही नाही.

पाहुणे उन्हं कलायची वाट बघत अंगणाबाहेर आंब्याखाली टेकले होते तेव्हा सोमीनं बापाला घरात गाठलं.

"बा, द्रोण पालथा घालशील ना?"

"घालीन ना. मी काय लहान पोर हाय?"

अंगणात सगळा पाडा जमला. कारभाऱ्यानं द्रोण भरून ढवळूच्या हातात दिला. ढवळूनं दोन थेंब जमिनीवर सोडले. सवयीनं एक थेंब हातावर चोळला आणि हुंगला. तिथंच तो थांबला. ज्यांनी पाहिलं ते सांगायचे की त्याचं तोंड एकदम लहान पोरासारखं झालं. मग त्यानं द्रोण ओठांना लावला. सोमी दारात उभी होती. आता तो द्रोण पालथा घालणार म्हणून कुणीतरी जेवणाची पानं मांडायला उठलंसुद्धा. आणि ढवळूनं घोट गिळला. डोळे मिटून, सावकाश, सगळा द्रोण संपवला.

आणि मग, इथं लोक हमखास हसतात, त्यानं रिकामा द्रोण पुढं केला आणि आणखी मागितली.

"कोणी गाळली ही?" त्यानं विचारलं.

"मीच," गौराबाई म्हणाली. "पोशी आन् मी एकाच चुलीवर शिकलू. ती गेली तं मीच राहिलू."

कारभारी म्हणाला, "झाली सोयरीक." ढोल वाजला. तेव्हा कुठं ढवळूनं दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

पाड्यावरचे लोक म्हणतात, बिचाऱ्याची चूक झाली. पहिला घोट चूक होती, हे मलाही मान्य आहे. इतकी वर्षं ज्या चवीसाठी तो दारोदार फिरला ती अचानक तोंडात आली, माणूस हरवून जाईल. पण दुसऱ्या द्रोणाचं काय? तोपर्यंत तरी त्याला भान यायला हवं होतं. त्यावेळी उठून भांडला असता, दंड भरला असता, चार गावांत तोंड काळं झालं असतं तरी चाललं असतं. त्यातलं त्यानं काहीच केलं नाही. मला त्याचा राग येतो आणि तो कमी होत नाही.

पाहुणे गेल्यावर सोमीनं त्याला एकच विचारलं, "आयसारखी होती काय?"

"तशीच होती गं. अगदी तशीच."

मधु त्या उन्हाळ्यात घाटाखाली मजुरीला गेला, आणि सोमीची वरात दाभोश्याला गेली.

दाभोश्याला नदीच्या दरीत, जिथं वरून धूर दिसत नाही अशा जागी, लाडक्याच्या घरच्यांची चूल होती. गौराबाईनं सोमीला तिथं बसवलं आणि शिकवलं. सोमीला मन लागायला दुसरं काही नव्हतं. ती शिकली, आणि अशी शिकली की दोन-तीन चैत्र गेले नाहीत तोच मोखाड्याच्या बाजारात माणसं ढवळूला थांबवून विचारायला लागली, "दाभोश्याची पेलास काय, बाबा? तुझ्या पोरीच्या हातची?" ढवळूनं अजून चाखली नव्हती. दाभोसा काही जवळ नव्हता, आणि मुलीच्या डोळ्याला डोळा देणं त्याहून लांब वाटत होतं. पण लोकांनी नाव काढलं की तो खुलायचा. पोर नांदते आहे, नाव काढते आहे, असं स्वतःला सांगायचा. त्याला तेवढा आधार पुरत होता.

मग सोमीच्या नणंदेचं, हौशीचं लग्न निघालं. व्याही म्हणून ढवळूला जावंच लागलं.

सोमीला पाहिलं आणि त्याला धक्काच बसला. डोळे लाल, सतत पाणी गळणारे. बोलताना खोकला. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचे डाग. तिचं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं, हे त्याला ऐकून ठाऊक होतं, पण ती इतकी वाळली असेल असं वाटलं नव्हतं. कोपऱ्यात गौराबाई बसली होती. तिला आता काहीच दिसत नव्हतं, सून कुठं आहे हे ती पायांच्या आवाजावरून ओळखत होती. ढवळू एकदा सासूकडं बघायचा आणि एकदा मुलीकडं.

त्यानं जावयाला बाजूला घेतलं. "बाळ्या, तिला थोडी वर्षं भट्टीवरनं उठव. डोळं जातील रं तिचं."

बाळ्या वाईट नव्हता. त्यानं सोमीवर कधी हात टाकला नाही. तो हसला आणि म्हणाला, "बा, तिच्या हातची पेऊन मानसा दुसरी तोंडात घेत नाय. तिला उठवली तं कोणाला बसवू? तूच सांग."

ढवळूनं तेव्हा मनाशी जे ठरवलं ते मला समजतं, आणि तरीही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. त्याला वाटलं, आपल्या जिभेनं पोरीला इथं आणलं, आपल्या जिभेनंच तिला सोडवायचं.

लग्नाचा मांडव भरला. खोडाळ्याची, मोखाड्याची, जव्हारकडची माणसं आली होती. द्रोण वाटले गेले, लोक वाहवा करायला लागले. मग कुणीतरी ओरडलं, "अरं, ढवळूबाबाला विचारा!" आणि सगळे त्याच्याकडं वळले. सोमीनं बापासाठी एक मडकं वेगळं ठेवलं होतं. ते तिनं स्वतः आणलं, स्वतः द्रोण भरला, आणि समोर उभी राहिली.

त्यानं दोन थेंब सोडले, हातावर चोळून हुंगलं, घोट तोंडात घेतला. ती दारू पोशीच्या दारूपेक्षाही चांगली होती. हे त्यानं स्वतः नंतर माझ्या आजाला सांगितलं, आणि सांगताना तो ओक्साबोक्शी रडला. फूल तेच, मंद विस्तव तोच, पण मागाहून जिभेवर आणखी काहीतरी रेंगाळत होतं, जे पोशीला कधी साधलं नव्हतं.

त्यानं ती थुंकली.

"आंबली हाय," तो म्हणाला. "धूर लागला हाय हिला. ह्या पोरीचा हात नाय."

मग एकानं आपला द्रोण हुंगला आणि म्हणाला, खरंच, जरासा धूर आहे. दुसऱ्यालाही तो लागला. थोड्या वेळापूर्वी वाहवा करणाऱ्यांनी द्रोण खाली ठेवले. ढवळूबाबा दारूबद्दल खोटं बोलत नाही, मग आपलीच जीभ चुकली असणार, असं प्रत्येकानं धरलं. बाळ्याची मान खाली गेली. दुकानातली दारू मागवून लग्न पार पाडलं. सोमी मडकं उचलून आत गेली.

ढवळूनं योजलं होतं तसंच सगळं घडलं. सोमीला भट्टीवरून उठवलं आणि तिथं धाकट्या जावेला, बायडीला बसवलं. सोमीचे डोळे वाचले. मी तिला पाहिली तेव्हा म्हातारपणीही ती सुईत दोरा ओवत होती. पण त्या घरात तिला सोमी म्हणून जी ओळख होती ती त्या दिवशी संपली. पूर्वी लांबलांबची माणसं येऊन "सोमी कठं हाय?" विचारायची. सासरा तिला विचारल्याशिवाय चुलीला हात लावू देत नसे. विस्तव वाढवायचा की कमी करायचा, हे तिथं तीच ठरवायची. आता ती सरपणाचे भारे आणायला, शेण काढायला, कुणाच्याही हाताखाली. मुलीच्या बापानंच मांडवात घराची अब्रू घालवली म्हणून टोमणे वेगळेच. मूल पुन्हा झालं नाही. माहेरी येणं तिनं बंद केलं.

हे कळायला ढवळूला वर्ष लागलं. कळलं तसा तो उठला आणि गावोगाव सांगत सुटला, की मी खोटं बोललो, तिच्यासारखी दारू मी जन्मात चाखली नाही. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. "बापाचा जीव हाय, बाबा. आमाला कळतं." एकानंही विश्वास ठेवला नाही. लेकीच्या मायेनं म्हातारा आता खोटं बोलतो आहे, असं ते समजले.

शेवटी तो दाभोश्याला गेला. सोमी रानातून मोळी घेऊन येत होती. त्यानं तिला वाटेत थांबवलं, मोळी उतरवली आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं, गौराबाईचं, बाळ्याशी झालेल्या बोलण्याचं. आणि म्हणाला, "एकदा गाळ गं. मी पाच पाड्यांची मानसा आणतो. सगळ्यांच्या समोर मी पेतो."

सोमी मोळीवर बसली होती. हे तिनं पुढं माझ्या आईला सांगितलं, म्हणून मला माहीत आहे.

"बा, सोयरिकीला तू पेलास," ती म्हणाली, "तव्हा मी तुला बोल लावला नाय. मी म्हटला, त्याला आयची चव लागली, तो काय करंल? मधूला मी त्याच्यापायीच सोडला. पण लग्नात मी तुझ्या तोंडाकडं बघत होतू. घोट घेतलास आन् तुझा तोंड तसाच झाला, सोयरिकीला झाला होता तसा. मना कळला, आयची चव लागली म्हणून. माझा जीव येवढा भरून आला. आन् मग तू थुंकलास."

ढवळू खाली मातीत बसला.

"त्या घरात माझा म्हणून हाताचा गुण येवढाच होता," ती म्हणाली. "तो बी तू खोटा बोलून घेतलास. आता उचलू लाग."

त्यानं मोळी तिच्या डोक्यावर चढवली आणि ती घराकडं गेली.